थोरलीच्या प्लेटा का फुटायच्या

एसी नीट गार करत नाही म्हटलं की आमच्या गावातला प्रत्येक माणूस एकच निदान करतो: गॅस संपला असेल. वकील असो, डॉक्टर असो, नाहीतर दुकानाचा मालक. उस्मानपुऱ्यातल्या एका साडीवाल्या शेठनं मला एका उन्हाळ्यात सारखं बोलावून घेतलं आणि दर वेळी मी दारातून आत पाय टाकायच्या आधी म्हणायचा, "साळुंके, गॅस भरून टाका, बाकी काही बघू नका." त्याच्याकडं गॅस कधीच कमी नव्हता. दुकानातली हवा जिथून परत आत ओढली जाते त्या जाळीसमोर त्यानं साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचले होते. गठ्ठे हलवले, दुकान गार झालं. तरी त्याचं समाधान होईना. मी निघालो तर म्हणतो, "थोडा भरला असता तर बरं झालं असतं."

अशाच गमती मागायला या दिवाळी अंकाचे संपादक पुंडलिकनगरला घरी आले होते. आयुष्यभर एसी दुरुस्त केलेत, चार मजेदार किस्से द्या म्हणाले. दिलेही असते. पण लिहायला बसलो की मला एकच प्लँट आठवतो आणि तोंड कडू होतं. ज्यांना दिवाळीत गोडच हवं असेल त्यांनी पान उलटावं, पुढं चकलीची कृती असेलच.

मी मूळचा कन्नडकडचा. घरची शेती, थोरले भाऊ करायचे. मी आयटीआय करून औरंगाबादला आलो तेव्हा गार म्हणजे मडक्यातलं पाणी एवढंच मला ठाऊक होतं. मग एका कंत्राटदाराकडं लागलो, नंतर स्वतःचं काम सुरू केलं, आणि माझ्याकडं जी कामं आली ती बहुतेक जुनी. नवीन मशीनला कंपनीचा माणूस येतो. जिची कंपनीच राहिली नाही, जिचा स्पेअर कुठं मिळत नाही, ती मशीन साळुंकेकडं. शहराच्या जुन्या भागातल्या एका थिएटरचा प्लँट असाच माझ्याकडं आला. थिएटरचं नाव लिहीत नाही. मालकाची मुलं अजून गावात आहेत, आणि थिएटरच्या जागी आता जे चकाचक उभं आहे तिथं माझी सूनसुद्धा खरेदीला जाते.

त्या प्लँटरूममध्ये दोन मशीन होत्या. परदेशी, लोखंडाच्या, मोटारीला पट्ट्यांनी जोडलेल्या. मोठीला आम्ही थोरली म्हणायचो, लहानीला धाकटी. धाकटीचा क्रँक, म्हणजे आतला मुख्य दांडा, मी यायच्या आधीच तुटला होता आणि ती कायमची बंद होती. बाहेरच्या माणसाला वाटेल, मग भंगारात का नाही दिली? आमच्या धंद्यात असली मशीन कुणी भंगारात देत नाही. ती कोपऱ्यात ठेवायची, आणि चालू असलेलीचं काही मोडलं की हिच्या अंगावरचं काढून तिला लावायचं. धाकटी अशी वर्षानुवर्षं थोडी थोडी रिकामी होत होती.

हे सगळं सांभाळणारा माणूस म्हणजे मोईनभाई. प्लँटचा ऑपरेटर. त्याचे वडील निजामाच्या काळात बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. पोलीस अॅक्शननंतर त्यांच्या गल्लीतल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, कुणी हैदराबादला गेलं, कुणी त्याच्याही पुढं. वडील म्हणाले, राज्य कुणाचंही असो, बर्फ लागणारच. ते राहिले आणि मोईनभाई त्या बर्फाच्या मशीनच्या आवाजातच लहानाचा मोठा झाला. माणूस काही फार गोड नव्हता. तोंडात सतत पान, स्वतःच्या स्टुलावर कुणाला बसू द्यायचा नाही, आणि मी सुरुवातीला गेलो तेव्हा मला चार दिवस नीट उत्तरसुद्धा दिलं नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून तो ऐकत बसायचा. मी मशीनच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळांवरचे आकडे लिहून घेत होतो तर म्हणाला, "ते काटे लई बघू नका भाऊ, ते पन माझ्यावानीच जुने झालेत. कधी खरं बोलतात, कधी नाय." काटे तपासले, खरंच चुकत होते. मला त्याचा राग आला होता, तो दोनेक महिन्यांत गेला.

आता मशीन कशी चालते ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मशीन गॅस ओढते आणि दाबते. दाबलेला गॅस तापतो, त्याला पाण्यानं निववलं की त्याचं द्रव होतं. ते द्रव एका बारीक तोंडातून तांब्याच्या नळ्यांच्या जाळ्यात सोडलं की ते उकळतं आणि उकळताना हवेतली उष्णता घेतं. त्याच हवेनं हॉल गार होतो. द्रवाचा पुन्हा गॅस झाला, तो पुन्हा मशीनमध्ये. यात एकच पथ्य: मशीनमध्ये परत जाईल तो गॅसच असला पाहिजे, द्रवाचा थेंब नको. गॅस दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. मशीनच्या डोक्यात पोलादाच्या पातळ प्लेटा असतात, झडपांसारख्या उघडतात, मिटतात. द्रव आलं की भातात खडा लागावा तसं होतं आणि त्या फुटतात.

हॉल पुरेसा गार झाला की मशीन आपोआप थांबावी म्हणून थर्मोस्टॅट असतो. डबी भिंतीवर, डबीतून निघालेली केसासारखी बारीक तांब्याची नळी, आणि नळीच्या टोकाला बोटाएवढी कुपी. ही कुपी परत येणाऱ्या हवेत टांगलेली असते. हवा गार झाली हे कुपीला कळतं, डबीत टिक असा आवाज होतो आणि मशीन थांबते. एवढंच.

थोरले मालक होते तोवर सगळं ठीक चाललं. ते वारले आणि मुलगा गादीवर बसला. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं वाचताना तसं वाटणार नाही. त्यानं वडिलांच्या नावानं थिएटर रंगवून घेतलं, खुर्च्या बदलल्या आणि प्लँटरूममध्ये देव्हारा बसवला. एवढी महागाची मशीन आहे, तिथं देव हवा, असं त्याचं म्हणणं. सुतार आला, भिंतीवर लाकडी पेटी ठोकली, आत गणपतीची तसबीर आणि तिच्यापाशी झिरोचा लाल बल्ब. बल्बचं बटण खालच्या बोर्डावर, मशीन चालू-बंद करायच्या बटणांच्या शेजारी. सुताराची शिडी मोईनभाईनंच धरली होती. मला म्हणाला, "माझ्या खोलीत आता तीन मालक झाले. शेठ, मॅनेजर आन् हे. तिघांत हेच बरे, बोलत नाय." रोज देव्हाऱ्याखालची जागा झाडून, पान थुंकून, चूळ भरूनच तो तिथं उभा राहायचा.

पुढं काही वर्षं काही झालं नाही. मग एक दिवस दांडगे मॅनेजरनं मोईनभाईला देव्हाऱ्याचा दिवा बंद करताना पाहिलं.

त्या सुमारास शहराची हवा बिघडलेली होती. ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही. दांडगे काही आग लावणारा माणूस नव्हता. त्यानं फक्त कँटीनमध्ये चहा पिता पिता सांगितलं, की मोईननं दिवा विझवला. फर्स्ट शोपर्यंत ते 'मोईन रोज दिवा विझवतो' असं झालं. आणि ते खरं होतं, हीच त्यातली मेख. मशीन चालू केली की तो दिवा बंद करायचा आणि मशीन बंद करून घरी जाताना पुन्हा लावून जायचा. शेठनं बोलावून विचारलं. मोईनभाई म्हणाला, "नजरचुकीनं झालं, शेठ." रोज रोज नजरचूक कशी होईल, हे दांडगेनं लगेच विचारलं. शेठनं ओरडाआरडा केला नाही. यापुढं दिव्याला हात लावायचा नाही एवढं बजावलं आणि दांडगेनं त्या बटणावर चिकटपट्टी मारली.

त्यानंतर थोरलीच्या प्लेटा फुटायला लागल्या.

पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. जुनं लोखंड, थकतं. डोकं उघडलं, प्लेटेचे तुकडे चिमट्यानं वेचून काढले, धाकटीच्या प्लेटा काढून लावल्या. पुन्हा फुटल्या. आता द्रव परत येतंय हे उघड होतं, पण का येतंय? ज्या बारीक तोंडातून द्रव सुटतं तो व्हॉल्व उघडला, घासलेला निघाला, धाकटीचा लावला. पुन्हा फुटल्या. पंख्याचे पट्टे बघितले, हवेच्या जाळ्या धुतल्या. थर्मोस्टॅटची डबी उघडली, आतले काँटॅक्ट साफ केले, आतली पट्टी बोटानं दाबली तर टिक आवाज येत होता. म्हणजे तोही ठीक. त्याची नळी भिंतीवरून वर जात होती आणि देव्हाऱ्यामागं शिरत होती. पलीकडं जाळीपाशी ती संपत असणार असं मी धरून चाललो. आमच्या कामात माणूस गटारात उतरतो, छतावरच्या टाकीत उतरतो, पण देवाच्या मागं हात घालत नाही. घालू नये असं कुणी सांगितलेलं नसतं, तसं मनातच येत नाही.

आणि मोईनभाई काही बोलेना. एरवी मी पाना उचलायच्या आधी तो सांगायचा, भाऊ, दुसऱ्या सिलिंडरमधून आवाज येतोय. आता विचारलं, फुटायच्या आधी काय झालं, तर म्हणायचा, "मालूम नाय, तुम्ही बघा." मी चिडून म्हटलं, "मोईनभाई, तुमच्या कानाला काय झालं?" तर उठून बाहेर पान खायला गेला.

शेवटी दांडगे जे म्हणायचं ते म्हणाला. प्लेटा फुटत नाहीत, फोडतायत. बोलणी खाल्ल्याचा राग काढतोय. मी म्हटलं, बंद डोक्याच्या आत हात घालून प्लेट कशी फोडणार, ते मला करून दाखवा. तो म्हणाला, तुम्ही त्याचे दोस्त, तुम्ही असंच म्हणणार. शेठनं मोईनभाईला कामावरून काढलं. काढताना आवाज चढवला नाही, महिन्याचा पगार वर दिला. मोईनभाईनं स्टुलावरची उशी काखेत मारली आणि गेला. मशीन चालवायला दांडगेनं गेटवरचा एक माणूस बसवला.

प्लेटा पुन्हा फुटल्या. आता तरी यांचे डोळे उघडतील असं मला वाटलं. कसले उघडतात! दांडगे म्हणाला, जाताना काहीतरी करून गेलाय तो.

धाकटीकडं आता प्लेटांचा शेवटचा जोड राहिला होता. तो लावला आणि शेठला म्हटलं, मी अख्खा मॅटिनी इथं बसणार, मशीन माझ्यासमोर चालू द्या. आठवड्याचा मधला दिवस, पडेल सिनेमा, हॉलमध्ये तुरळक माणसं. थोड्या वेळानं आत डोकावलो तर बाया डोक्यावरून पदर ओढून बसलेल्या, एक म्हातारा हातरुमाल कानाला बांधून. हॉल इतका गार आणि मशीन थांबायचं नाव घेत नव्हती. तांब्याच्या नळ्यांचं जाळं बघितलं तर त्यावर बर्फाची पांढरी भिंत धरलेली. हवा जाणार कुठून आणि द्रव उकळणार कशानं? फुटल्यावर मला बोलवायचे, तोवर बर्फ वितळून जायचा, म्हणून मला फक्त ओली फरशी दिसायची. मी डबीवरची गारवा ठरवायची दांडी पार शेवटापर्यंत फिरवली. मशीन थांबेना. म्हणजे कुपीला हॉल अजून तापलेला वाटत होता.

नळीवर बोट ठेवून मी वर वर जात राहिलो ते देव्हाऱ्यापाशी अडलो. चपला काढल्या, हात जोडले आणि तसबिरीमागं हात घातला. सुतारानं नळी आड येते म्हणून पेटीला मागून खाच पाडली होती आणि नळीचं टोक खाचेतून आत घेतलं होतं. कुपी तसबिरीच्या मागं बल्बला टेकून पडली होती. हाताला चांगली गरम लागली. बटणावर चिकटपट्टी बसल्यापासून तो एवढासा दिवा दिवसभर तिला शेकत होता आणि ती मशीनला सांगत होती, उकडतंय, चालू राहा.

मी चिकटपट्टी काढली आणि दिवा बंद केला. जरा वेळानं डबीत टिक झालं आणि थोरली आपली आपण थांबली. त्या शांततेत मला मोईनभाईचं ते रोजचं बटण बंद करणं समजलं. मी तिथंच त्याच्या स्टुलावर बसलो. मला भयंकर राग आला होता.

तसाच उठून शहागंजकडं त्याच्या घरी गेलो. ओट्यावर बसून तो कुणाचा तरी जुना फ्रीज खोलत होता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"दिव्याचं."

त्यानं हातातला स्क्रू फिरवायचा थांबवला नाही. "पहिल्याच हप्त्यात कळलं. मशीन थांबत नव्हती. पेटीला हात लावला तर गरम. मग दिवा बंद करून बघितला, थांबली. तेव्हापासून मशीन चालू तर दिवा बंद, मशीन बंद तर दिवा चालू. दोघं पन खूश होते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू, भाऊ? शेठ, तुमच्या देवाच्या दिव्यानं मशीन फुटती, असं बोलू? तुम्ही बोललात तर रिपेअर झालं. म्या बोललो तर उद्या माझं घर कोन रिपेअर करनार?"

"मला तरी सांगायचं."

"तुमाला सांगितलं असतं, तुम्ही शेठला सांगितलं असतं. शेठ विचारनार, साळुंके, तुला कोनी सांगितलं? हौ की नक्को?"

शेठनं तेच विचारलं असतं, आणि मी खरं तेच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेठला प्लँटरूममध्ये नेऊन सगळं दाखवलं. दिवा लावून कुपी हातात दिली, बंद करून दिली. त्याला लगेच पटलं. मोठा नमस्कार केला आणि म्हणाला, "देव हलवायचा नाही, साळुंके. तुझं ते टोक हलव." मी खाचेतून कुपी बाहेर ओढली आणि पलीकडं जाळीवर पट्टीनं बांधली. तेवढ्या वेळात कँटीनमधून चहासुद्धा आला नव्हता. एका माणसाची नोकरी गेली, धाकटीच्या सगळ्या प्लेटा संपल्या, त्यावरची दुरुस्ती ही एवढी.

"त्यानं सांगायला पाहिजे होतं," शेठ म्हणाला. दांडगेही म्हणाला. पुढं मी ज्याला ज्याला ही हकिकत सांगितली तो प्रत्येक जण हेच म्हणाला, आणि वाचकहो, तुमच्याही ओठावर तेच असेल. सांगायला पाहिजे होतं. कुणाला आणि कोणत्या तोंडानं, ते कुणी सांगत नाही.

मोईनभाईला परत घ्या, असं मी शेठला म्हटलं. तो म्हणाला, "घेऊ ना. माझं काहीच नाही. पण लोकांच्या मनात बसलंय ते बसलंय. त्यानं एकदा स्टाफसमोर माफी मागावी, म्हणजे विषय मिटेल. आणि त्या बोर्डाला हात लावायचा नाही. चालू-बंद दांडगे करतील."

"शेठ, ज्यानं बटणाला हात लावायचा नाही तो ऑपरेटर कसला?"

"तेवढं तू त्याला समजावून सांग. तुझं ऐकेल तो."

माफी कशाची, हे मी विचारलं. शेठनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोललो. मी पुन्हा शहागंजला गेलो. मोईनभाईनं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"माफी? मशीन वाचवली त्याची?"

आतून पडद्याआडून भाभींचा आवाज आला. "मांगून टाका ना जी. जबान हलवायला काय लागतं? फ्रीज काय रोज येतात घरी?"

दोन पोरींची लग्नं व्हायची होती. आणि गावात चार थिएटरं, चारही मालक एकमेकांकडं जेवायला जाणारे. एकानं काढलेला माणूस दुसरा ठेवून घेत नाही. मोईनभाईनं फ्रीजचं उघडं दार लावलं आणि शर्ट बदलायला आत गेला.

त्यानं थिएटरच्या पॅसेजमध्ये सगळ्या स्टाफसमोर माफी मागितली. काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण मी मागं उभा होतो आणि तो फार हळू बोलला. दांडगेनं मोठ्या मनानं "ठीक है, ठीक है" म्हणत त्याच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला. सगळ्यांना बरं वाटलं. मला तो पेढा अजून दिसतो.

पुढं प्लेटा कधीच फुटल्या नाहीत. पण मोईनभाई आता खोलीत बसत नसे. स्टूल दाराबाहेर घेतलं होतं. तिथून ऐकायचा. पूर्वी बारीकसारीक तो स्वतःच करायचा. पट्टा ताण, नट आवळ, तेल टाक. आता एक नट सैल झाला तरी मला फोन यायचा. मी पुंडलिकनगरहून स्कूटर हाकत यायचो, तो दारात उभा राहून बोट दाखवायचा, तिसऱ्या बोल्टचा आवाज येतोय म्हणायचा, आणि मी आवळेपर्यंत आत पाऊल टाकायचा नाही. मी एकदा वैतागून पाना त्याच्या हातात कोंबला. त्यानं तो खाली उंबऱ्यावर ठेवला.

मशीनला तेलाचा पंप असतो. तेलाचा दाब गेला की मशीन आपोआप बंद करणारं एक उपकरणही असतं. थोरलीचं ते केव्हाच निकामी झालं होतं, धाकटीचं काढून लावलेलंही निकामी झालं होतं, आणि नवीन कुठं मिळत नव्हतं. कंपनी बंद, एजंट बंद, मुंबईच्या जुन्या बाजारात फिरून आलो तरी नाही. म्हणून तारा सरळ जोडून टाकल्या होत्या. आमच्या भाषेत डायरेक्ट केलं होतं. असं करू नये, पण सगळे करतात. त्या उपकरणाच्या जागी आम्ही मोईनभाईचे कान ठेवले होते.

उन्हाळ्यातला शुक्रवार, नवा सिनेमा, मॅटिनी हाउसफुल. मला फोन आला आणि मी पोचलो तेव्हा थोरली थांबली होती. जळलेल्या तेलाचा वास पॅसेजपर्यंत आला होता. पुली हातानं हलवून बघितली, तसूभर हलेना. पंप गेला, तेल गेलं, बेअरिंग क्रँकला चिकटून बसले. बाजूचं झाकण उघडलं तर क्रँक तापून निळा पडला होता. दुसरा क्रँक धाकटीचा, तो तर आधीच तुटलेला. म्हणजे संपलं. प्लेटा, व्हॉल्व, पट्टे, सगळं शोधून आणता येतं. त्या मशीनचा क्रँक जगात कुठं उरला असेल तर मला ठाऊक नाही.

वर लोक खुर्च्या आपटत होते, पैसे परत मागत होते. प्लँटरूममध्ये शेठ, दांडगे आणि मी. मोईनभाई उंबऱ्याबाहेर.

मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "पंपाचा आवाज बदलला. मग खालून ठोका यायला लागला. मी पळत मॅनेजर साहेबाकडं गेलो गेटवर. म्हनलं, बंद करा, आत्ताच्या आत्ता."

"मग?"

"म्हनले, हाउसफुल आहे, इंटरवल होऊ दे."

दांडगे म्हणाला, "यानं नीट सांगितलं नाही मला. नुसतं बंद करा, बंद करा. मला काय स्वप्न पडलंय?"

शेठ डोक्याला हात लावून उभा होता. त्याचंही नुकसान लहान नव्हतं, नव्या प्लँटला पैसा कुठून आणायचा हे त्याला तेव्हाच दिसत असणार. एकदम मोईनभाईवर ओरडला, "अरे, पण बटण तर तुझ्यापासून चार पावलांवर होतं! दाबायचं ना! मशीन जळत होती आणि तू दारात उभा राहून ऐकत बसलास?"

मोईनभाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं ते बाहीनं पुसलं.

"दाबलं असतं शेठ," तो म्हणाला, "आन् तुम्ही पळत आला असता. तर आधी काय बघितलं असतं तुम्ही? मशीन, का माझा हात कुठल्या बटणावर होता ते?"

मी पुली धरून मशीनकडं बघत राहिलो, कारण दुसरीकडं कुठं बघायची सोय नव्हती.